लेथसमोरची मॅट: उभ्याने काम करणाऱ्यांसाठी पायाखालचा थर कसा ठरला

सीएनसी लेथची, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कातकामाच्या मशीनची, एक रांग. प्रत्येक लेथसमोर एक ऑपरेटर, आठ तासांची पाळी आणि त्यातला बहुतेक वेळ दोन-तीन हात जागेत उभ्याने. पायाखाली कोबा. जॉब, म्हणजे कापायचा धातूचा तुकडा, चकमध्ये म्हणजे मशीनच्या पकडीत लावायचा, पायाने पेडल दाबून चक आवळायचं, दार बंद करायचं, सायकल, म्हणजे कापण्याचा एक फेरा, सुरू. ती चालू असताना आधीचा जॉब शेजारच्या बाकावर मापायचा आणि पुन्हा दाराकडे वळायचं. टाचा, पोटऱ्या आणि कंबर दुखण्याची तक्रार इथे जुनीच होती. त्यावर उपाय म्हणून मऊ फोमच्या मॅट टाकलेल्या होत्या. वर्ष व्हायच्या आत त्या चपट्या झाल्या, कडा वर वळल्या आणि एकदोघांचे पाय त्यात अडकले. त्यानंतर मॅट आखून देणाऱ्या आमच्याकडे जी मागणी आली ती एका ओळीची होती: याहून मऊ आणि याहून टिकाऊ मॅट करून द्या.

मऊ आणि टिकाऊ ही जोडी मुळातच अवघड आहे. पण आम्हाला खटकलं ते त्याच्याही आधीचं. मऊ हवी हे कोणी ठरवलं? ज्यांनी जुनी मॅट विकत घेतली त्यांनी नमुना टेबलावर ठेवून अंगठ्याने दाबून पाहिला होता. नवी मॅटही तशीच निवडली जाणार होती. अंगठा दोन सेकंद दाबतो, टाच आठ तास. या दोन परीक्षांचे निकाल वेगळे येतात आणि या प्रकरणात जवळजवळ प्रत्येक निर्णय त्या फरकावरच फिरला.

जुन्या मॅटने काय सांगितलं

नवं काही आखण्याआधी वापरून टाकलेली एक मॅट आम्ही उचलून आणली. अशी मॅट म्हणजे फुकटात मिळालेली नोंदवही असते. तिच्यावर दोन ठळक खळगे होते, पण सारखे नव्हते. डावा खोल आणि गोल, उजवा उथळ आणि पुढेमागे पसरलेला. पेडल उजवीकडे असल्यामुळे ऑपरेटर उजवा पाय मोकळा ठेवायचा आणि भार डाव्यावर टाकायचा, अगदी पेडल दाबायचं नसतानाही. सवयच लागलेली. खळग्यांच्या मागे, बाकाच्या दिशेला, वरचा थर गोल घासलेला होता. तिथे पाय वळत होते.

मशीनच्या बाजूची कड वेगळीच कथा सांगत होती. दारातून निथळणारं कूलंट, म्हणजे कापताना थंडाव्यासाठी सोडलेलं तेलमिश्रित पाणी, मॅटच्या पुढच्या वीतभर पट्ट्यातच पडत होतं. फोम तिथे तपकिरी होऊन फुगला होता, पण त्या पट्ट्यात कोणी उभं राहत नव्हतं, कारण तेवढ्या जवळून दार उघडताच येत नाही. म्हणजे ओल एकीकडे आणि पाय दुसरीकडे. संपूर्ण मॅटला भोकं पाडून ती निचऱ्याची करायची गरज नव्हती, हे इथेच कळलं.

मग चाकूने खळग्यातून आडवा छेद घेतला. मूळ १२ मिलिमीटर जाडीपैकी टाचेखाली निम्मीही उरली नव्हती. वरची नक्षी शाबूत आणि आतला फोम मात्र दाबून पापडासारखा झालेला. त्यात स्टीलचा कीस रुतून बसला होता, काही तुकडे निळे पडलेले, म्हणजे कापताना तापून उडालेले. त्यांच्याभोवती फोम वितळून छोटे खड्डे झाले होते. हा फोम ईव्हीएचा. हलका, स्वस्त, कापायला सोपा, पण सतत दाबून ठेवला की मूळ जाडीला परत येत नाही. रबराच्या धंद्यात याला कॉम्प्रेशन सेट म्हणतात आणि उभं राहण्याच्या मॅटसाठी माझ्या मते हा कडकपणाहूनही महत्त्वाचा आकडा आहे. मॅट पहिल्या दिवशी कशी लागते ते कडकपणा सांगतो, सहा महिन्यांनी ती मॅट उरलेली असेल का हे सेट सांगतो.

शरीराचा हिशोब

नुसतं उभं राहणं दमवतं, याचं मोठं कारण पोटरीत आहे. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं, शिरांतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. न हलता उभं राहिलं की हा पंप थांबतो. घोट्याजवळच्या शिरेतला दाब अशा वेळी ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो, चालायला लागलं की तो ३०च्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. दुसरीकडे, घोटा आणि कंबर सावरणारे स्नायू एकाच ताणात अडकून राहतात.

मॅटच्या जाहिरातींत या जागी एक ठराविक वाक्य येतं: मॅटमुळे पाय सतत सूक्ष्म हालचाल करत राहतात आणि रक्ताभिसरण सुधारतं. प्रयोगांत हे इतक्या सरळपणे दिसत नाही. स्नायूंचे विद्युत संकेत, पायाचा आकार, त्वचेचं तापमान अशी मोजमापं वेगवेगळ्या अभ्यासांत वेगवेगळी बोलतात. माणसाने स्वतः सांगितलेला त्रास मात्र बऱ्यापैकी एकसारखा कमी झालेला दिसतो.

आमच्या कामाला सर्वात उपयोगी पडला तो चाम आणि रेडफर्न या संशोधकांचा २००१चा प्रयोग. त्यांनी लोकांना सात प्रकारच्या जमिनींवर प्रत्येकी चार तास उभं केलं. पहिल्या दोन तासांत जमीन कुठली आहे याने लोकांच्या सांगण्यात फरकच पडला नाही. फरक दिसला तो तिसऱ्या आणि चौथ्या तासात. आणि कमी त्रास कुठल्या जमिनींवर झाला? ज्या दबल्यावर जास्त चांगल्या परत उसळत होत्या, ऊर्जा कमी गिळत होत्या आणि ज्यांचा ताठपणा जास्त होता, त्यांच्यावर. मागणीपत्रात लिहिलं होतं त्याच्या जवळजवळ उलट.

याचं कारण समजायला फार खोलात जावं लागत नाही. पाय फार रुतला की घोटा दोन्ही बाजूंना डुगडुगतो आणि त्याला सावरण्याचं काम स्नायूंना सारखं करावं लागतं. शिवाय मऊ थर टाचेखाली तळाला टेकला की त्याच्या खाली पुन्हा कोबाच. म्हणजे मधल्या भागात अस्थिर आणि जिथे भार आहे तिथे कडक, अशी दोन्हीकडून फसगत.

भार किती, हेही कागदावर मांडलं. अनवाणी उभ्या माणसाचा सुमारे ६० टक्के भार टाचांवर असतो. १९८७च्या एका बहुचर्चित मोजणीत टाचेखालचा कमाल दाब सरासरी १३९ किलोपास्कल आणि पंजाखाली ५३ आला होता. इथे सगळे सेफ्टी शूज घालतात, तळ जाड आणि ताठ, त्यामुळे दाब पसरतो. बुटाच्या टाचेचं क्षेत्र ३६ चौरस सेंटीमीटर धरलं तर ७० किलोचा माणूस दोन्ही पायांवर उभा असताना टाचेखाली साधारण ५७ किलोपास्कल येतात. ५० किलोच्या माणसाचे ४१. आणि १०० किलोचा माणूस पेडल दाबताना एका पायावर आला की १६४. एकाच मॅटला चौपट पल्ला सांभाळायचा होता, कारण पाळीनुसार लेथवर माणूस बदलतो, मॅट बदलत नाही.

एकसंध फोममध्ये हा पल्ला बसत नाही. हलक्या माणसाला जाणवेल इतका मऊ घेतला तर जड माणूस तळाला टेकतो. जड माणसासाठी घेतला तर हलक्याला कोबा आणि मॅट सारखीच.

कशाची करायची

पदार्थ ठरवायला वेळ लागला नाही, कारण कूलंटनेच बरेचसे पर्याय बाद केले. नैसर्गिक रबराची उसळी उत्तम, पण खनिज तेलात ते फुगतं. मऊ पीव्हीसीमधला प्लॅस्टिसायझर तेल हळूहळू ओढून काढतं आणि मॅट टणक होऊन तडकते, शिवाय तापलेला कीस तिला वितळवतो.

पॉलियुरेथेनवर मात्र आम्ही बरेच रेंगाळलो. साच्यात एकसंध कातडीसह ओतता येतं, कड आणि मॅट एकच होते, सेट कमी, पायाला लागायला झकास. कोरड्या जागेसाठी, म्हणजे काउंटर, पॅकिंगचं टेबल, औषधं मोजायची जागा, अशा ठिकाणी आजही मी तेच सुचवेन. इथे अडचण अशी की पॉलिएस्टर जातीचं पॉलियुरेथेन तेलाला चांगलं टिकतं पण ओलाव्यात त्याचे बंध तुटत जातात, आणि पॉलिईथर जातीचं पाण्याला टिकतं पण तेलाला तितकं नाही. पाण्यात मिसळायचं कूलंट म्हणजे दोन्ही एकत्र, वर सामू साधारण ८.५ ते ९.५, म्हणजे अल्कधर्मी. त्यात कीसाने कातडीला एक काप गेला की आतला फोम उघडा. तो मोह आवरला.

राहिलं नायट्राइल रबर. तेलाला टिकणाऱ्या सीलमध्ये तेच वापरतात. त्यातलं अ‍ॅक्रिलोनायट्राइल वाढवलं की तेलाला जास्त टिकतं पण उसळी कमी होते, म्हणून मधलं, ३३ टक्क्यांच्या आसपासचं घेतलं. तापलेल्या कीसाने ते वितळत नाही, फार तर पृष्ठभागावर काळा डाग पडतो. त्याचा दोष एकच, पण मोठा: ते भरीव आहे. १६ मिलिमीटर भरीव रबराचा तुकडा पायाखाली घेतला तर कोब्याहून फारसा वेगळा लागत नाही, आणि ७५ बाय १२० सेंटीमीटरची मॅट सतरा किलोंवर जाते. संध्याकाळी ती उचलून खालचा कीस कोण झाडणार?

मऊपणा पदार्थातून येणार नव्हता. तो आकारातूनच काढावा लागणार होता.

उंच खुंट, बुटके खुंट

रचना अशी ठरली: वर ४ मिलिमीटरचा सलग थर आणि खालून रबराचेच गोल खुंट, १० मिलिमीटर व्यासाचे. खुंट दोन उंचींचे. उंच १२ मिलिमीटर, ते नेहमी जमिनीला टेकलेले. त्यांच्या मधोमध बुटके, साडेनऊ मिलिमीटरचे, जे जमिनीपासून अडीच मिलिमीटर वर लोंबतात. माणूस उभा राहिला की आधी फक्त उंच खुंट दबतात. भार वाढला आणि अडीच मिलिमीटरची फट संपली की बुटकेही खाली टेकतात आणि मॅट एकदम आवळून धरते.

रबराचा कडकपणा ५० शोअर ए (रबराचा कडकपणा मोजायची मोजपट्टी) धरला तर त्याचा मापांक, म्हणजे दाबाला तो किती ताठपणे तोंड देतो तो आकडा, अडीच मेगापास्कलच्या आसपास येतो. ५७ किलोपास्कलला उंच खुंट आपल्या उंचीच्या पाचव्या हिश्शाने दबावेत अशी अपेक्षा ठेवली, तर खुंटांचं क्षेत्र एकूण क्षेत्राच्या नवव्या भागाइतकं हवं. म्हणजे खुंटांमधलं अंतर सुमारे २७ मिलिमीटर. बुटके तेवढेच. या ढोबळ हिशोबात ५० किलोचा माणूस पावणेदोन मिलिमीटर खाली जातो, ७० किलोचा सुमारे अडीच, आणि १०० किलोचा माणूस एका पायावर आला तरी साडेचारच्या आत थांबतो. भार चौपट, खचणं अडीचपट. बुटके खुंट नसते तर तोच माणूस सात मिलिमीटर गेला असता, खुंटाच्या निम्म्याहून जास्त, जिथे रबर बाजूला फुगून खुंट वाकायला लागतो.

प्रत्यक्ष नमुन्यात आकडे थोडे ताठ आले, कारण वरचा थर भार शेजारच्या खुंटांवरही वाटतो. हिशोबात तो धरला नव्हता. कंपाउंड, म्हणजे रबराचं मिश्रण, थोडं मऊ करून ते जुळवलं. खुंटाच्या मुळाशी गोलाई वाढवावी लागली, नाहीतर वळणाऱ्या पायाखाली तिथूनच चीर पडते. मॅटचं वजन सात-आठ किलोंवर आलं, म्हणजे एका माणसाला कड धरून उभी करता येईल इतकं.

नमुन्यांच्या चाचण्या नेहमीच्याच: २५ टक्के दाबून ७० अंश सेल्सिअसला भट्टीत ठेवून सेट मोजणे, कूलंटमध्ये आणि निव्वळ तेलात बुडवून फुगणं आणि कडकपणा तपासणे. यात सांगण्यासारखं विशेष काही घडलं नाही. ठेकेदाराकडून आलेल्या एका कंपाउंडमध्ये तेवढा सेट संशयास्पद निघाला, ते परत गेलं.

घसरण्याबद्दल मात्र दोन शब्द. ओल्या पृष्ठभागावर पेंड्युलम चाचणीत, म्हणजे झुलता लोलक घासून पकड मोजतात त्या चाचणीत, ३६ किंवा त्याहून जास्त आकडा आला तर घसरण्याचा धोका कमी मानतात. साहजिकच वाटतं की जितकी पकड जास्त तितकं बरं. या जागी तसं नव्हतं. ऑपरेटर दर सायकलला मशीनकडून बाकाकडे वळतो. खरखरीत, वाळू चिकटवलेल्या पृष्ठभागावर बूट अडकतो, शरीर वळतं आणि पीळ गुडघ्यात जातो. जुन्या मॅटवरचा तो गोल घासलेला भाग म्हणूनच महत्त्वाचा होता. आम्ही खरखरीत थर टाळला आणि उथळ, गोल कडांच्या पन्हळी दिल्या, ज्या कूलंटला बाजूला जाऊ देतात पण वळणाऱ्या तळव्याला धरून ठेवत नाहीत. चाचणीही पाण्याऐवजी त्यांच्याच वापरलेल्या कूलंटने केली, कारण ताज्या आणि वापरलेल्या कूलंटमध्ये फरक असतो. वापरलेल्यात मशीनच्या गाईडवेचं, म्हणजे सरकत्या भागांच्या रुळांचं, तेल तरंगत असतं.

पुढच्या वीतभर पट्ट्यात फक्त लांब चिरा ठेवल्या, म्हणजे दारातलं निथळ सरळ खाली जातं. त्या पट्ट्याच्या आणि खुंटांच्या मध्ये खालून एक सलग भिंत, ओल पायाखालच्या भागात शिरू नये म्हणून.

कड

मॅटच्या चर्चेत लोक मधल्या भागावर तासभर बोलतात आणि कडेवर दोन मिनिटं. अपघात मात्र कडेवर होतात. चालताना पाय पुढे येतो तेव्हा बोटांखाली जमिनीपासून जे अंतर उरतं ते सर्वात कमी असताना साधारण एक ते दोन सेंटीमीटर असतं. आमची मॅट १६ मिलिमीटर उंच. म्हणजे सरळ उभी कड ठेवली तर ती नेमकी बूट अडकायच्या उंचीवर बसते. दमलेला माणूस पाय अजून कमी उचलतो, आणि मॅट तर दमलेल्यांसाठीच आहे.

कडेला ६० मिलिमीटरमध्ये उतार दिला, सुमारे १३ अंशांचा. उताराचं टोक शून्यावर नेण्याचा मोह असतो, चित्रात ते छान दिसतं. पण कागदासारखी पातळ रबराची कड फाटते किंवा वर वळते, आणि वर वळलेली कड ही सरळ कडेपेक्षा वाईट. टोक २ मिलिमीटर जाड ठेवलं. आणि कड वेगळी चिकटवायची नाही, मॅटच्याच साच्यात एकत्र घडवायची, हा मुद्दा आम्ही कुठेच सोडला नाही. साचा त्यामुळे महाग होतो, पण चिकटवलेल्या कडेचा डिंक आणि कूलंट यांची गाठ पडली की निकाल ठरलेला असतो. पिवळा पट्टाही रंगवलेला नाही, पिवळ्या रबराचाच आहे. पिवळं कंपाउंड काळ्याइतकं चिवट नसतं, कारण काळ्यातला कार्बन ब्लॅक त्याच्यात नाही, म्हणून तो पट्टा उताराच्या वरच्या अर्ध्यातच घेतला, टोकाला काळंच.

मालाच्या ट्रॉलीचा प्रश्न कड सोडवू शकत नव्हती. जड गोल बार घेऊन येणाऱ्या ट्रॉलीची छोटी लोखंडी चाकं मॅटवर चढली की वरचा थर खुंटांच्या मध्ये कापला जातो. यावर आम्ही काही कल्पक केलं नाही. मॅटची रुंदी कमी केली आणि ट्रॉलीची वाट जमिनीवर पट्टा मारून वेगळी केली.

पेडल

चकचं पेडल जमिनीवर, ऑपरेटर मॅटवर, म्हणजे पेडल त्याच्या तळव्याच्या मानाने १३-१४ मिलिमीटर खाली गेलं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पाळीत शेकडो वेळा पाय त्या जास्तीच्या अंतराने खाली न्यायचा, तोही टाच टेकवून, तर घोट्याचा कोन बदलतो. पेडलच मॅटवर ठेवून पाहिलं, ते दाबताना डुलतं आणि सरकतं. मॅटमध्ये पेडलच्या आकाराचं भोक पाडलं तर ते कीसाचं भांडार होणार.

शेवटी मॅटचा एक कोपरा चौकोनी कापला आणि त्या जागी मॅटच्याच उंचीची कडक पाटी जमिनीला बोल्टने बसवली, पेडल तिच्यावर. पाटी आणि मॅट यांच्यामधली फट बोट जाणार नाही इतकी. त्याच वेळी केबल पुरत असल्यामुळे पेडल डावीकडेही बसवता येईल अशी दुसरी पाटी दिली. डाव्या खळग्याचं औषध फोम नव्हताच, भार एका पायावरून दुसऱ्यावर जायला हवा होता. काही जणांनी पाळीच्या मध्यावर पेडल बदलायला सुरुवात केली, काहींनी अजिबात नाही. सक्ती करण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

वापरून पाहताना

नमुना वापरायला देताना आम्ही एक अट घातली: पहिल्या तासातलं मत कोणी विचारायचं नाही आणि दिलं तर लिहायचं नाही. मत घ्यायचं ते पाळी सुरू होताना, जेवणाच्या सुट्टीआधी आणि पाळी संपताना. त्यासाठी शरीराच्या आकृतीवर दुखरी जागा दाखवायची आणि शून्य ते दहामध्ये किती ते सांगायचं, अशी साधी पद्धत वापरली. आकृतीवर त्रास नोंदवायची ही रीत कॉर्लेट आणि बिशप यांनी १९७६मध्ये मांडली, आणि तिला अजून चांगला पर्याय मला तरी सापडलेला नाही. प्रत्येकाने आठवडाआड नवी मॅट आणि नवीच आणलेली जुन्या प्रकारची मऊ मॅट वापरली. तुलना चपट्या झालेल्या मॅटशी केली असती तर कुठलीही नवी मॅट जिंकली असती.

अट घालूनही मतं आलीच. "साहेब, ही तर कडक लागतेय," हे पहिल्याच सकाळी ऐकायला मिळालं, आणि खरेदी विभागाच्या माणसाने लगेच आमच्याकडे पाहिलं. सकाळच्या नोंदींत मऊ मॅटच पुढे होती. सुट्टीआधी दोन्ही सारख्याच. पाळीच्या शेवटी टाच आणि पोटरीच्या खुणा नव्या मॅटवर स्पष्टपणे कमी होत्या, आणि कडक म्हणणाऱ्याने पुढच्या आठवड्यात मऊ मॅट परत आली तेव्हा स्वतःहून विचारलं की ती दुसरी कुठे गेली.

कंबरेचं चित्र इतकं साफ नव्हतं. काहींची कमी दुखली, काहींची तशीच. एका उंच ऑपरेटरची तर जराही फरकाशिवाय. त्याला काम करताना बाजूने पाहिलं तेव्हा कळलं: दाराची काच आणि चक दोन्ही त्याच्यासाठी खाली आहेत, तो प्रत्येक जॉबला वाकून पाहतो. मॅटने त्याला आणखी दीडेक सेंटीमीटर वर नेलं होतं. त्याच्यापुरती मॅट उलटीच पडली म्हणायची. त्याचं मापायचं बाक उंच केलं, मशीनचं काही करता येत नव्हतं. बुटक्या माणसांना मात्र तोच दीड सेंटीमीटर उपकारक ठरला, चकच्या आत पाहायला टाचा उचलाव्या लागत नव्हत्या.

रांगेच्या टोकाला एक ऑपरेटर तीन मशीन सांभाळत होता. मागणी सगळीकडे मॅट टाकायची होती. तो कुठेच सलग उभा राहत नाही, चालत असतो, म्हणजे त्याच्या पोटऱ्यांचा पंप चालू आहे. त्याला तीन मॅट म्हणजे दिवसभर सहा कडा चढायच्या आणि उतरायच्या. तिथे आम्ही मॅट देऊ नका असं लिहून दिलं आणि बुटात घालायचे चांगले इनसोल सुचवले. इनसोल माणसाबरोबर फिरतात. आपलंच उत्पादन नको म्हणणं धंद्याला बरं दिसत नाही, पण त्या जागी ते अडथळाच ठरलं असतं.

मापायच्या बाकाजवळ टेकायला उंच स्टूल आणि एक पाय ठेवायला जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवी नळी, हे दोन्ही आमच्या अहवालात होतं. नळी बसली. स्टूल अजून आलेलं नाही, कारण बसलेला माणूस काम करत नाही असा एक समज त्या मजल्यावर आहे.

अजून न सुटलेलं

मॅट कधी बदलायची हे वापरणाऱ्याला कळावं, म्हणून टाचेच्या जागी पन्हळींच्या मध्ये बारीक उंचवटे साच्यातच दिले आहेत. ते झिजून सपाट झाले की वरचा थर संपत आला. खुंट थकले आहेत का हे पाहायला सपाट पट्टी मॅटवर आडवी ठेवायची आणि टाचेच्या जागी खाली किती फट दिसते ते पाहायचं. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त असली तर मॅट काढायची.

पण झीज एकाच जागी होते. साधी चौकोनी मॅट असती तर अर्ध्या आयुष्यानंतर फिरवून ठेवता आली असती आणि मागची, न वापरलेली बाजू पायाखाली आली असती. आमची मॅट फिरवता येत नाही, कारण निथळाचा पट्टा एकाच बाजूला आहे आणि पेडलचा कोपरा कापलेला आहे. दुसऱ्या साच्यात पट्टा वेगळा करून मॅटला खाचेत अडकवायचा विचार चालू आहे. म्हणजे एक सांधा आला, आणि सांधा म्हटला की त्यात कीस. खाच खालच्या बाजूने घेतली आणि पट्ट्याची ओठासारखी कड मॅटवर चढवली, तर कीस वरून आत जाणार नाही असा अंदाज आहे. पेडलचा कोपरा दोन्ही टोकांना सारखाच कापायचा आणि जो वापरात नसेल तिथे त्याच रबराचा तुकडा बसवायचा. तो तुकडा पहिल्या महिन्यातच कोणीतरी हरवेल असं सुपरवायझरचं म्हणणं आहे, म्हणून तो मॅटला खालून एका पट्टीने बांधून ठेवण्याचं चित्र सध्या टेबलावर आहे.